ओपनजीएल शिकणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न: राजारामपुरीच्या रविवारच्या बैठकीतून

कोल्हापुरातल्या राजारामपुरीत दर रविवारी सकाळी आम्ही काही जण ग्राफिक्स प्रोग्रॅमिंगसाठी एकत्र बसतो. इंजिनिअरिंगची मुलं असतात, उद्यमनगरातले एक-दोन डिझायनर असतात, कधी आधी इथे शिकलेली आणि नुकती नोकरी लागलेली एखादी मुलगी येऊन जाते. आठवडाभर फोनवर जे प्रश्न येतात ते बरेचसे तेच असतात, म्हणून ते इथे एकत्र केले आहेत. फंक्शनांची आणि लायब्रऱ्यांची नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. कोडमध्ये अर्थातच ती मूळ स्पेलिंगने टाका.

१. सर, ओपनजीएल डाउनलोड कुठून करायचं? साइटवर बटणच सापडत नाही.

डाउनलोड करण्यासारखं काही नाही, म्हणून बटण नाही. ओपनजीएल हे ग्राफिक्स कार्डाकडून चित्रं काढून घेण्यासाठीचं एक स्पेसिफिकेशन, म्हणजे लिखित नियमावली, आहे. कोणत्या फंक्शनला काय दिलं की काय घडलं पाहिजे, हे त्यात शब्दाशब्दाने लिहिलेलं असतं. १९९२ साली सिलिकॉन ग्राफिक्सने ते काढलं आणि २००६ पासून क्रोनोस ग्रुप ते सांभाळतो. त्या लिखाणाप्रमाणे प्रत्यक्ष काम करणारा कोड तुमच्या ग्राफिक्स कार्डाच्या ड्रायव्हरमध्ये असतो. एनव्हिडिया, एएमडी, इंटेल आपापला ड्रायव्हर लिहितात, लिनक्सवर बहुतेक वेळा मेसा हा खुला ड्रायव्हर-संच असतो. तेव्हा इन्स्टॉल करायचा तो ड्रायव्हर.

विंडोजवर आणखी एक पेच आहे. विंडोजची स्वतःची ओपनजीएल-३२ डीएलएल फक्त १.१ आवृत्तीपर्यंतची फंक्शन्स उघड करते. त्यानंतर आलेल्या प्रत्येक फंक्शनचा पत्ता प्रोग्रॅम चालू असताना ड्रायव्हरकडून मागून घ्यावा लागतो. हे काम कोण करतं, ते प्रश्न ४ मध्ये आहे.

२. माझ्या लॅपटॉपवर कोणती आवृत्ती चालते, हे कसं कळणार?

प्रोग्रॅमलाच विचारा. जीएल-गेट-स्ट्रिंगने व्हर्जन, व्हेंडर आणि रेंडरर या तीन ओळी छापा. मात्र आधी कॉन्टेक्स्ट (ओपनजीएलची सगळी चालू स्थिती जिथे राहते तो) तयार करून तो चालू थ्रेडवर करंट करायला हवा, नाहीतर हातात नल येतो आणि छापताना प्रोग्रॅम कोसळतो. पहिल्या आठवड्यात येणाऱ्या फोनांपैकी निम्मे याच चुकीचे असतात.

विंडोजवर रेंडररच्या जागी "जीडीआय जेनेरिक" आणि आवृत्ती १.१ दिसली, तर कार्डाचा ड्रायव्हर बसलेलाच नाही. लिनक्सवर जीएलएक्स-इन्फो चालवा. तिथे "एलएलव्हीएम-पाइप" दिसलं तर सगळं चित्र प्रोसेसर काढतोय, ग्राफिक्स कार्ड नुसतं बसून आहे. एकाच लॅपटॉपमध्ये दोन कार्डं असतील तर प्रश्न ११ पहा.

३. अधिकृत माहिती नेमकी कुठे असते? गुगलवर प्रत्येक जण वेगळं सांगतो.

क्रोनोसच्या रजिस्ट्रीत. तिथे प्रत्येक आवृत्तीचं स्पेसिफिकेशन पीडीएफमध्ये आहे, हेडर फाइली आहेत, सगळी फंक्शन्स आणि स्थिरांक नोंदवलेली एक मोठी एक्सएमएल फाइल आहे आणि प्रत्येक एक्स्टेन्शनचा, म्हणजे आवृत्तीबाहेर जोडलेल्या जादा सोयीचा, मजकूर आहे. रोजच्या कामाला त्यांची रेफरन्स पानं पुरतात. पान ४.x चं आहे की २.१ चं, एवढं वर बघून घ्या. सर्च इंजिन कधीकधी जुनंच पान आधी दाखवतं.

स्पेसिफिकेशन पहिल्या पानापासून वाचू नका, ते कोशासारखं वापरा. फंक्शनचं नाव शोधा, त्याखालच्या चुकांच्या अटी वाचा, परत कोडकडे या. एक्स्टेन्शनच्या मजकुरात शेवटाकडे "इश्यूज" नावाचा भाग असतो तो मात्र जरूर वाचा. हा निर्णय असाच का घेतला, दुसरा पर्याय का सोडला, याची प्रश्नोत्तरं तिथे स्वतः लिहिणाऱ्यांनी दिलेली असतात. माझं बरंचसं शिक्षण त्या भागातून झालं आहे.

नावाच्या शेवटची अक्षरंही बोलतात. एआरबी किंवा केएचआर असेल तर समितीने मान्य केलेलं, ईएक्सटी असेल तर साधारणपणे एकाहून जास्त कंपन्यांनी मिळून केलेलं, एनव्ही किंवा एएमडी असेल तर त्या कंपनीचं.

४. ग्लॅड, ग्ल्यू, जीएलएफडब्ल्यू, फ्रीग्लट, एसडीएल, जीएलएम... यांतलं मला काय लागतं?

तीन गोष्टी लागतात. खिडकी आणि कॉन्टेक्स्ट उघडायला जीएलएफडब्ल्यू (आवाज, गेमपॅड असं बरंच हवं असेल तर एसडीएल), फंक्शनांचे पत्ते गोळा करायला ग्लॅड, आणि मॅट्रिक्सच्या गणिताला जीएलएम. ग्ल्यूही ग्लॅडचंच काम करतं. फ्रीग्लट हा जुन्या ग्लटचा मोकळा वारस आहे, तो परीक्षेपुरता ठेवा. ग्लॅडचं इनिशिअलायझेशन कॉन्टेक्स्ट करंट केल्यानंतरच करायचं. कारण प्रश्न २ मधलंच.

५. कॉलेजच्या प्रॅक्टिकलला जीएल-बिगिन आणि ग्लट आहे, तुम्ही म्हणता ते वापरू नका. मग मी करू काय?

परीक्षेत सिलॅबसमध्ये आहे तेच लिहा, मार्क घालवू नका. ते चूक नाही, जुनं आहे. एकेक बिंदू जीएल-बिगिन आणि जीएल-एंडच्या मध्ये हाताने पाठवायची ती रीत १९९२ ची. तेव्हा ती सोयीची होती. पुढे कार्डावरच प्रोग्रॅम चालू लागले, २००४ साली २.० आवृत्तीबरोबर शेडरची, म्हणजे कार्डावर चालणाऱ्या या प्रोग्रॅमांची, भाषा आली, आणि प्रोसेसरने प्रत्येक बिंदूसाठी फंक्शन बोलावणं हाच अडथळा ठरू लागला. २००८ च्या ३.० ने जुन्या फंक्शनांवर "पुढे काढणार" असा शिक्का मारला, २००९ च्या ३.१ ने ती काढली. त्याच वर्षी ३.२ ने दोन वाटा केल्या. जुनं टाकून दिलेली ती कोर प्रोफाइल, जुनं सांभाळणारी ती कंपॅटिबिलिटी.

खरी अडचण होते ती दोन्ही मिसळल्यावर. एका ट्युटोरियलमधून जीएल-रोटेट उचललं, दुसऱ्यातून शेडर घेतला, आणि कोर प्रोफाइलमध्ये जीएल-रोटेट मुकाट "इनव्हॅलिड ऑपरेशन" देत बसलं. म्हणून लेख वाचायला घेण्याआधी त्याचं वय ओळखा. जीएल-बिगिन, जीएल-मॅट्रिक्स-मोड किंवा शेडरमध्ये "अ‍ॅट्रिब्यूट" आणि "व्हेरिंग" हे शब्द दिसले, तर तो लेख जुन्या रीतीचा आहे. एक अपवाद प्रश्न १३ मध्ये आहे.

६. नव्या प्रोजेक्टला कोणती आवृत्ती धरू?

शिकायला ३.३ कोर. २०१० ची आहे आणि आज समोर येणाऱ्या जवळपास प्रत्येक डेस्कटॉपवर चालते. मॅकवरही चालवायचं असेल तर ४.१ च्या वर जाता येत नाही (प्रश्न १२). फक्त विंडोज आणि लिनक्स असेल तर मी सरळ ४.५ किंवा ४.६ धरतो. ४.३ मध्ये कॉम्प्युट शेडर (चित्राखेरीज इतर हिशेबांसाठीचा) आणि डीबग आउटपुट (चुका ड्रायव्हर स्वतः कळवतो ती सोय) आलं, ४.५ मध्ये बाइंड न करता थेट वस्तूलाच हात घालायची सोय आली. डीबग आउटपुट एकदा हाताशी आलं की त्याशिवाय काम करवत नाही.

७. दादा, खिडकी उघडते, एरर नाही, पण सगळं काळं दिसतंय. काय चुकलं?

हा आमचा सगळ्यात लाडका प्रश्न, कारण प्रत्येकाला तो पडतोच. आपण ज्या क्रमाने शोधतो तो असा.

आधी पार्श्वभूमीचा रंग काळा सोडून दुसरा काहीही करा, जर्द पिवळा करा. खिडकी पिवळी झाली तर कॉन्टेक्स्ट आणि बफर-स्वॅप ठीक आहे. पिवळ्यावर काळा त्रिकोण दिसू लागला तर त्रिकोण पहिल्यापासून होता, रंग चुकत होता.

मग शेडरचा इन्फो लॉग छापा, कंपाइलचा आणि लिंकचा, दोन्ही. शेडर कंपाइल झाला नाही तरी ओपनजीएल स्वतःहून ओरडत नाही, हे नवख्यांना माहीत नसतं. त्यानंतर डीबग कॉलबॅक (डीबग आउटपुटचे संदेश घेणारं तुमचं फंक्शन) लावा आणि तो सिंक्रोनस ठेवा, म्हणजे चुकीच्या ओळीवरच डीबगर थांबतो.

तरीही काळंच असेल तर बहुधा यांपैकी एक असतं. कोर प्रोफाइलमध्ये व्हर्टेक्स अ‍ॅरे ऑब्जेक्ट (बिंदूंची माहिती कुठून कशी वाचायची ते ठेवणारा) बांधलाच नाही. डेप्थ टेस्ट (पुढची वस्तू मागचीला झाकते का ती तपासणी) चालू केली पण दर फ्रेमला डेप्थ बफर पुसला नाही. पर्स्पेक्टिव्हमध्ये जवळचं प्रतल (कॅमेऱ्यापासून ज्या अंतरावर दृश्य सुरू होतं ते) शून्य दिलं. मॅट्रिक्स कॉलमने भरायची ती रांगेने भरली. त्रिकोणाचे बिंदू घड्याळाच्या दिशेने आहेत आणि कलिंग (पाठमोरे त्रिकोण गाळणं) चालू आहे. टेक्स्चर काळं येत असेल तर मिनिफिकेशन फिल्टर बघा. तो मुळात मिपमॅप (टेक्स्चरच्या लहान-लहान होत गेलेल्या प्रती) मागतो, आणि तुम्ही मिपमॅप बनवलेच नसतील तर टेक्स्चर अपुरं धरलं जातं.

एवढ्यावर भागलं नाही तर रेंडरडॉक उघडा. फुकट आहे, एक फ्रेम पकडून प्रत्येक ड्रॉ कॉलला आत काय गेलं आणि बाहेर काय आलं ते दाखवतं. त्याला ३.२ किंवा वरची कोर प्रोफाइल लागते, जुन्या रीतीच्या कोडवर ते चालत नाही. प्रश्न ५ मधल्या सल्ल्याला हेही एक कारण आहे.

८. अंबाबाईच्या किरणोत्सवाचं थ्रीडी सिम्युलेशन करायचं आहे. सूर्य कसा ठेवू?

हा प्रोजेक्ट दरवर्षी कुणीतरी मनावर घेतं आणि मला तो फार आवडतो, कारण त्यात खरं उत्तर ताडून पाहता येतं. ९ ते ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी या दिवसांत मावळतीची किरणं महाद्वारातून गाभाऱ्यापर्यंत येतात. पहिल्या दिवशी पायांवर, मग वर सरकत तिसऱ्या दिवशी चेहऱ्यावर. तुमच्या पडद्यावर तसं झालं नाही तर कुठेतरी गणित चुकलं आहे.

आधी दिशा. डिसेंबरच्या अयनदिनापासून दोन्ही तारखा साधारण सारख्याच अंतरावर आहेत, त्यामुळे दोन्ही वेळा सूर्याची क्रांती (विषुववृत्ताच्या पातळीपासूनचा कोन) दक्षिणेला सुमारे १७ अंश असते. वेळ काढताना दोन दुरुस्त्या करा. कोल्हापूरचा रेखांश सुमारे ७४.२ आणि प्रमाणवेळेचा ८२.५, म्हणजे घड्याळ इथल्या सूर्याच्या सरासरी ३३ मिनिटं पुढे. शिवाय घड्याळाचा आणि सूर्याचा दिवस जुळत नसल्याने नोव्हेंबरच्या सुरुवातीला सूर्य सुमारे १६ मिनिटं पुढे धावतो आणि जानेवारीअखेर सुमारे १३ मिनिटं मागे पडतो. क्षितिजालगत वातावरण किरणाला जवळजवळ अर्धा अंश वाकवतं, तेही धरा.

ओपनजीएलच्या बाजूने हा डिरेक्शनल लाइट (समांतर किरणांचा प्रकाश) आणि शॅडो मॅप (प्रकाशाच्या बाजूने काढलेलं अंतरांचं चित्र, ज्यावरून सावली ठरते) आहे. प्रोजेक्शन ऑर्थोग्राफिक घ्या आणि किरणांच्या वाटेभोवती अगदी घट्ट बसवा. ३०० मीटरचा परिसर ४०९६ पिक्सेलांच्या मॅपमध्ये कोंबला तर एक पिक्सेल सात सेंटिमीटरांहून मोठा होतो. पाय की गुडघे, हे ठरवायला तो चालणार नाही. सावलीवर पट्टे उठले तर पॉलिगॉन ऑफसेट थोडाच द्या, जास्त दिलात तर सावली वस्तूपासून सुटते. शेडरमध्ये सॅम्पलर-टूडी-शॅडो वापरत असाल तर टेक्स्चरचा कंपेअर मोड चालू करायला विसरू नका. नाहीतर उत्तर काय येईल याची हमी कुणी देत नाही.

दोन सापळे इथले खास. नकाशातले यूटीएम आकडे सरळ शेडरला देऊ नका. उत्तरेचा आकडा १८ लाख मीटरांच्या पुढे जातो, आणि ३२ बिटांच्या फ्लोटला तिथे साडेबारा सेंटिमीटरांपेक्षा बारीक फरक कळत नाही. देवळातला एक बिंदू शून्य धरून वजाबाकी प्रोसेसरवर डबलमध्ये करा. दुसरा असा की सूर्य बिंदू नाही, तो आकाशात सुमारे अर्धा अंश रुंद आहे. शंभर मीटरवरच्या भिंतीची कड गाभाऱ्यात जवळजवळ ९० सेंटिमीटर धूसर होऊन पोचते. साधा शॅडो मॅप तिथे धारदार रेघ दाखवेल आणि ती खोटी असेल. सूर्याच्या बिंबावरच्या तीसेक दिशा घेऊन प्रत्येकीचा मॅप काढा आणि सरासरी घ्या. वेळ लागतो, पण हे स्थिर दृश्य आहे, लागू दे. वाटेतल्या एखाद्या इमारतीने किती प्रकाश अडतो, हा कोल्हापुरात दरवर्षी निघणारा प्रश्न. त्याचं उत्तर याच धूसर पट्ट्यात असतं.

९. वडिलांचं उद्यमनगरात पॅटर्न शॉप आहे. एसटीएल फाइल (त्रिकोणांनी बनलेलं थ्रीडी मॉडेल) दाखवणारा छोटा व्ह्यूअर करायचा आहे, पण मॉडेल फाटल्यासारखं दिसतं.

बायनरी एसटीएल असेल तर कारण बहुधा पॅडिंग (कंपायलरने घातलेले रिकामे बाइट) आहे. फाइलची रचना सोपी आहे: ८० बाइट हेडर, ४ बाइटांत त्रिकोणांची संख्या, मग प्रत्येक त्रिकोणाला ५० बाइट. सी++ मधल्या स्ट्रक्टला कंपायलर ५२ करतो, आणि दुसऱ्या त्रिकोणापासून सगळं दोन-दोन बाइट सरकतं. एकेक फील्ड वेगळं वाचा. काही सॉफ्टवेअरं बायनरी फाइलच्या हेडरमध्येही "सॉलिड" हा शब्द लिहितात, म्हणून त्यावरून टेक्स्ट फाइल समजू नका. फाइलची लांबी ८४ अधिक ५० गुणिले संख्या भरते का ते पहा.

एसटीएलमध्ये एकक नसतं. मिलिमीटर की इंच, हे ज्याने फाइल दिली त्यालाच विचारा. श्रिंकेज (ओतलेला धातू थंड होताना आक्रसतो ते) धरलेलं मॉडेल आहे की न धरलेलं, हेही. व्ह्यूअरमध्ये सुंदर दिसणाऱ्या पॅटर्नचं माप चुकलं तर ओतकामात लोखंड वाया जातं, तेव्हा मापाची पट्टी पडद्यावर कायम दाखवा. दोन पृष्ठभाग लुकलुकत असतील तर जवळचं प्रतल पुढे न्या.

१०. पडद्यावर "कोल्हापूर" लिहायचं आहे. काना-मात्रा भलतीकडे जातात, जोडाक्षरं फुटतात.

ओपनजीएलला अक्षरं माहीतच नाहीत. फ्रीग्लटची तयार अक्षरं फक्त इंग्रजीची. बहुतेक ट्युटोरियलं फ्रीटाइपने एकेक अक्षर चित्रात उतरवून ओळीने मांडतात. ते इंग्रजीला चालतं, आपल्याला नाही. "ल्ह" हे ल, हलन्त आणि ह मिळून बनतं, आणि "किरण" मधली वेलांटी साठवलेली क नंतर असते पण दिसते आधी. हा क्रम लावायचं काम हार्फबझ करतं.

हार्फबझला पूर्ण शब्द द्या, लिपी देवनागरी आणि भाषा मराठी सांगा. भाषा सांगितली की ज्या फॉन्टमध्ये सोय आहे तिथे ल आणि श मराठी वळणाचे येतात. हार्फबझ तुम्हाला ग्लिफचे (फॉन्टमधल्या आकृत्यांचे) क्रमांक आणि जागा देईल. फ्रीटाइपकडून चित्र मागताना युनिकोड अक्षर नका देऊ, हा ग्लिफ क्रमांक द्या, आणि अ‍ॅटलासही त्याच क्रमांकाने भरा. चित्रं तिरकी, विस्कटलेली आली तर जीएल-पिक्सेल-स्टोअरने अनपॅक अलाइनमेंट १ करा. मुळात ती ४ असते आणि एका बाइटाच्या चित्राची रुंदी चारच्या पटीत नसली की ओळी सरकतात.

प्रत्येक प्रोजेक्टमध्ये एक तरी ओळ मराठीत दाखवा असा माझा आग्रह असतो. एकदा जमलं की आयुष्यभर जमतं.

११. माझ्याकडे चालतं, मित्राच्या लॅपटॉपवर चालत नाही.

स्पेसिफिकेशन एकच असलं तरी ड्रायव्हर वेगवेगळे आहेत. एनव्हिडियाचा कंपायलर पुष्कळ गोष्टी चालवून घेतो, मेसा काटेकोर आहे. तेव्हा शेडरची पहिली ओळ आवृत्तीची असू द्या, प्रत्येक व्हेरिएबलला सुरुवातीची किंमत द्या आणि शेडर क्रोनोसच्या ग्लस्लँग कंपायलरमधून एकदा तपासून घ्या. युनिफॉर्म ब्लॉकमध्ये एसटीडी-१४० असेल तर व्हेक-थ्री नेहमी १६ बाइटच्या सीमेवर सुरू होतो, त्याऐवजी व्हेक-फोर वापरलेलं बरं. एक्स्टेन्शनांची यादी जुन्या रीतीने एकाच स्ट्रिंगमध्ये मागत असाल तर कोर प्रोफाइलमध्ये ती मिळत नाही, जीएल-गेट-स्ट्रिंग-आयने एकेक मागा.

दोन कार्डांच्या लॅपटॉपवर प्रोग्रॅम कमकुवत कार्डावर सुरू झालेला असू शकतो. विंडोजच्या ग्राफिक्स सेटिंगमध्ये त्या प्रोग्रॅमला हाय परफॉर्मन्स निवडा. लिनक्सवर मेसा असेल तर डीआरआय-प्राइम हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल १ करून पहा.

१२. मॅकवर ओपनजीएल बंद झालं का?

चालतं, पण वाढ थांबली आहे. अ‍ॅपलने २०१८ साली मोहावेबरोबर ते डेप्रिकेटेड ठरवलं, आणि आवृत्ती ४.१ वर अडकली आहे. कोर प्रोफाइलबरोबर फॉरवर्ड-कंपॅटिबल मागितलं नाही तर २.१ मिळते. कॉम्प्युट शेडर नाही, डीबग आउटपुट नाही. चित्र खिडकीच्या एका कोपऱ्यातच येत असेल तर व्ह्यूपोर्टला खिडकीचं माप दिलंय. रेटिना पडद्यावर फ्रेमबफरचं माप वेगळं असतं, ते मागून घ्या.

१३. मोबाइलवर आणि ब्राउझरमध्ये हाच कोड चालेल?

जसाच्या तसा नाही. मोबाइलवर ओपनजीएल ईएस असतं, ब्राउझरमध्ये वेबजीएल, आणि वेबजीएल २ ची बैठक ईएस ३.० वर आहे. फ्रॅगमेंट शेडरमध्ये फ्लोटची प्रिसिजन स्वतः सांगावी लागते. ईएस २.० आणि वेबजीएल १ मध्ये "अ‍ॅट्रिब्यूट" आणि "व्हेरिंग" हेच योग्य शब्द आहेत. प्रश्न ५ मधला अपवाद तो हाच.

१४. सगळे म्हणतात ओपनजीएल संपलं. सरळ वल्कनच शिकू का?

४.६ ही २०१७ ची, त्यानंतर मोठी आवृत्ती आली नाही, हे खरं. वल्कन, म्हणजे क्रोनोसचंच नवं ग्राफिक्स स्पेसिफिकेशन, २०१६ ला आलं, २०२४ च्या डिसेंबरात १.४ झालं, आणि नवं हार्डवेअर आधी तिथे उघडतं. पण वल्कनमध्ये मेमरी कुठली, कोणतं काम कोणाच्या आधी पूर्ण व्हायचं, हे सगळं तुम्ही सांगायचं. पहिल्या त्रिकोणाला हजारभर ओळी लागतात. ज्याला मॅट्रिक्स आणि डेप्थ बफर अजून पक्के नाहीत तो त्या हजार ओळींत हरवतो, हे मी अनेकदा पाहिलं आहे. माझं मत: एक सेमिस्टर ओपनजीएल, किरणोत्सवासारखा एक पूर्ण प्रोजेक्ट, मग वल्कन. गेम इंजिनमध्ये नोकरी ठरलीच असेल तर लगेच वल्कन घ्या.

इथे मात्र डाउनलोड करायला एसडीके आहे, लूनारजीचं. त्यातले व्हॅलिडेशन लेयर पहिल्या दिवसापासून चालू ठेवा. मॅकवर मोल्टनव्हीके वल्कनचं मेटलमध्ये, म्हणजे मॅकच्या स्वतःच्या ग्राफिक्स प्रणालीत, रूपांतर करतं. उलट मेसामधलं झिंक ओपनजीएललाच वल्कनवर चालवतं, त्यामुळे शिकलेलं इतक्यात वाया जात नाही.

१५. तुम्हाला प्रश्न पाठवताना काय काय पाठवू?

प्रश्न २ मधल्या तीन ओळी, डीबग कॉलबॅकचा मजकूर, शेडरचा लॉग आणि चूक दाखवणारा सगळ्यात छोटा पूर्ण प्रोग्रॅम. काय दिसायला हवं होतं आणि काय दिसतंय, हे एकेका वाक्यात. कोड टेक्स्ट म्हणून पाठवा, स्क्रीनचा मोबाइलने काढलेला फोटो नको, त्यातलं अर्धविराम की स्वल्पविराम ते कळत नाही. रविवारी येणार असाल तर ज्यावर अडलंय तोच लॅपटॉप चार्जरसह आणा.